करवंदीला पाणी

बोळिंजला मी चार वर्षं भाड्याच्या खोलीत काढली. त्या चार वर्षांत ज्या माणसाने माझा सगळ्यांत जास्त छळ केला, त्या माझ्या घरमालकांविषयी लिहायचं तर आधी पाण्याविषयी लिहायला हवं.

मी माणदेशातला. आमच्याकडे पाहुण्याने पाय धुवायला दुसरा तांब्या मागितला तर घरातली माणसं एकमेकांकडे बघत. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. विरारच्या शाळेत नोकरी मिळाली म्हणून मी इकडे आलो, आणि पहिल्या दिवशी बोळिंजच्या वाड्यांतून चालताना मला आपण कुणाच्या तरी लग्नात चुकून शिरलो आहोत असं वाटलं. जिकडेतिकडे पाणी. चार-पाच घरांत मिळून एक बावखल, म्हणजे तळ्याएवढी उघडी विहीर. तिच्या काठावर रहाट, रहाटाला डोळ्यांवर झापडं लावलेला रेडा. पोहऱ्यांतून पाणी पडायचं ते पाटाने केळींत जायचं, पानवेलींत जायचं, आणि उरलं तर रस्त्यावर यायचं. रहाटाची कुरकुर पहाटे सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. गावच्या माणसांना ती ऐकू येत नसे, मला सुरुवातीला दुसरं काही ऐकू येत नसे.

या सगळ्या हिरव्यागार लुगड्यावर एकच मातकट ठिगळ होतं. ते आमच्या घरमालकांचं. त्यांच्या वाडीत केळ नव्हती, पानवेल नव्हती, भाजीचा एक वाफा नव्हता. होत्या फक्त करवंदीच्या जाळ्या. ज्या झुडपाला डोंगरावर कोणी विचारत नाही, गुरंही ज्याच्यापासून तोंड राखून असतात, ते झुडूप या गृहस्थांनी ओळी धरून, अंतर मोजून लावलेलं होतं आणि त्याला ते पाण्याचा थेंब घालत नसत. गावाने त्यांचं नाव 'सुकादादा' ठेवलं होतं. तोंडावर सगळे नुसतंच दादा म्हणत, मीही तसंच म्हणतो.

खोली बघायला गेलो तेव्हा दादा ओट्यावर बसून टाचेतला काटा काढत होते. उंच, वाळलेला माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात काही नाही, कमरेच्या करदोट्याला काटे काढायचा चिमटा. काट्यांच्या वाडीत हा माणूस जन्मभर अनवाणी चालला. वहाण घातली तर झाडाला आपण आल्याचं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. मान वर न करता विचारलं, "आंघोळीला बादल्या किती लागतात?"

मी म्हटलं, एक.

"घ्या खोली," ते म्हणाले आणि परत काट्याकडे वळले.

खोलीबरोबर नियम आले. आंघोळ मागच्या दगडावर करायची, आणि ते पाणी अळूच्या आळ्यात गेलं पाहिजे. जाळ्यांच्या जवळ चूळ भरायची नाही. ओलं धोतर जाळ्यांवर वाळत घालायचं नाही, कारण ते ठिबकतं. मी एकदा सहज विचारलं की जाळ्यांना पाणी चालत नाही, मग अळूला कसं चालतं. दादा म्हणाले, "आंघोळीचं पानी म्हंजे पानी नाय. ते घान." या खुलाशावर पुढे काही विचारता येत नसे. त्यांचे सगळेच खुलासे असे असत.

रोज सकाळी उठल्यावर ते देवाच्या आधी जाळ्यांकडे जात. प्रत्येक बुंध्याशी वाकून मातीत बोट घालत आणि बोट कोरडं निघालं की समाधानाने मान हलवत. बाकीचं गाव सकाळी उठून झाडाला ओल आहे ना ते बघत असे, हे ओल नाही ना ते बघत. "रोज पानी मागतो तो पाहुना," ते म्हणत. "झाड कसं घरच्यासारखं पायजे." पाहुण्यांबद्दल मात्र त्यांचा हात सढळ होता. कोणी आलं तर पहिल्यांदा गुळाबरोबर दोन तांबे पाणी पुढे येई, आणि नको म्हटलं की ते रागावत.

करवंदीची सारी शेती त्यांनी आपल्या डोक्याने ठरवली होती. रोपं पहिल्यांदा जीवदानीच्या डोंगरावरून आणली, पोत्यात घालून, डोक्यावर. मग घरच्याच बिया. मे महिन्यात करवंदं काळी झाली की ते ओट्यावर पाटी घेऊन बसत, फळ खात आणि बी वेगळं काढत. बी आजचं आज मातीत गेलं पाहिजे, उद्या ते रुसतं. हे खरं असावं, कारण मी हट्टाने चार दिवस जपून ठेवलेलं बी पुढे उगवलं नाही. पण त्यांची दुसरी अट अशी की बी कोंबड्याचंच हवं. लहान मुलं करवंद फोडण्याआधी कोंबडा की कोंबडी असं विचारतात, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. साठीचा हा माणूस माझ्यासमोर करवंद धरून गंभीरपणे तेच विचारी. मी कोंबडी म्हटलं आणि कोंबडी निघाली की ते फळ पटकन तोंडात टाकून म्हणत, "कोंबडा होता." कोंबड्याच्या बीला जास्त करवंदं धरतात याला आधार काय, हे मला कधी कळलं नाही.

एकदा जवळच्या चर्चचे फादर त्यांच्याकडे आले. कबरस्तानाला कुंपण हवं होतं, गुरं शिरत होती. दादांनी रोपं द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की लावल्यावर पाऊस देईल तेवढंच पाणी, वरून कोणी घालायचं नाही. फादर म्हणाले, आमचे लोक बागायतदार आहेत, सवयीने घालतील. दादा म्हणाले, "सांगा त्यांना, आत निजलेत त्यांना पानी लागत नाय, तर भायेर उभं हाय त्याला कशाला?" मला वाटलं, फादर उठून जातील. ते मनापासून हसले आणि वीस रोपं घेऊन गेले. त्यातली निम्मी पहिल्याच वर्षी कुजली. सवयीने कोणीतरी घातलंच असणार. दादांनी दुसरी वीस रोपं दिली नाहीत. फादर तीनदा येऊन गेले.

हे सगळं विक्षिप्तपण कुठून आलं ते गावाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दादांना एक धाकटा भाऊ. दोघांची वाडी एकाला एक लागून, मध्ये बांध. बावखलातल्या पाण्याच्या पाळ्या बापाने वाटून दिलेल्या. सकाळची थोरल्याची, दुपारनंतरची धाकट्याची. घड्याळ कोणाकडे नव्हतं. काठावर एक ताड होता आणि एक दगड रोवलेला होता. ताडाची सावली दगडाला टेकली की पाळी बदलायची, थोरल्याने रेडा सोडायचा आणि धाकट्याने आपला जुंपायचा. एका चैत्रात दादा जरा घरात गेले, परत येऊन बघतात तर धाकट्याचा रेडा फिरतोय आणि पाणी धाकट्याच्या केळींत चाललंय. दादा म्हणाले सावली टेकली नव्हती. धाकटा म्हणाला टेकली होती. बोलाबोली वाढली, माणसं जमली, आणि चार घरांच्या माणसांत दादांनी धाकट्याला पाणीचोर म्हटलं.

या गावात माणसाला काहीही म्हणावं, हा शब्द मात्र म्हणू नये. धाकटा काही बोलला नाही. त्याच्या गप्प राहण्याने दादा अधिकच पेटले. घे सगळं, म्हणाले, आजपासून माझ्या वाडीला या बावखलातला थेंब लागणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोयता घेऊन उभ्या केळी आडव्या केल्या. त्यानंतरच्या पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरावरून पहिली करवंदीची रोपं आली. मी राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत भाऊ भावाशी बोलला नव्हता. दादांची बायको मधल्या काळात गेली, मूलबाळ नव्हतं. आता पाण्याची शपथ होती आणि जाळ्या होत्या.

जाळ्यांची एक ओळ दोघांच्या मधल्या बांधावर होती. तिची गंमत मला दुसऱ्या वर्षी कळली. करवंदं संपली की पाऊस लागायच्या आत दादा कोयत्याने जाळ्या छाटत. वाडीतल्या जाळ्या चारी बाजूंनी, बांधावरची ओळ मात्र फक्त आपल्या अंगाने. धाकट्याच्या अंगाला ते पान तोडत नसत. त्यामुळे आपल्या बाजूने ती ओळ भिंतीसारखी सपाट आणि पलीकडे फांद्या लोंबलेल्या, आणि करवंदंही बहुतेक तिकडेच. ज्याच्या अंगाला फळ लोंबेल ते त्याचं, असा तिथला रिवाज. मी विचारलं, तिकडून का नाही छाटत. दादा म्हणाले, "तिकडे कोयता पोचत नाय." त्यांचा हात छपराच्या वळचणीला न ताणता लागत असे.

दर जूनमध्ये बांधावरच्या दगडावर करवंदाच्या लोणच्याची एक बरणी येऊन बसे. धाकट्याची बायको ती ठेवून जाई. थोरल्या दिराशी ती बोलत नसे, ते तसं रीतीलाही धरून होतं, म्हणून ती मला बोलावी आणि मोठ्याने म्हणे, "मास्तर, भावजींना सांगा, बरनी ठेवलीय." भावजी चार हातांवर बसलेले असत. मी वळून सांगे. दादा मला म्हणत, "सांगा, ऐकलं." बरणी रिकामी होईपर्यंत ते रोज भाकरीबरोबर ते लोणचं खात आणि रोज मीठ जास्त झालं म्हणत.

तिसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात माझ्यावर संकट आलं. मी वह्या तपासत बसलो होतो. दादा आले आणि माझ्या नाकासमोर एक बोट धरलं. बोटाला चिखल होता.

बांधावरच्या ओळीला ओल लागली होती. या दिवसांत जाळी पांढऱ्या फुलांनी भरून वास सुटायचा, ती ओळ नुसती कोवळ्या पानांनी तरारली होती. बघायला सुंदर होती. फुलं मात्र मोजकी, आणि शेवटच्या दोन जाळ्यांची पानं पिवळी पडायला लागलेली. दादांचं म्हणणं सरळ होतं. या घरात आंघोळ करणारी माणसं दोन, त्यातले दादा स्वतः तर पाणी सोडणार नाहीत. तेव्हा मास्तर, तुम्ही पाणी तिकडे सोडता.

मला हसू आलं आणि मग राग आला. माणदेशच्या माणसावर पाणी सांडल्याचा आळ. मी शपथ घेतली, पण त्या घरात माझ्या शपथेला फारसा भाव नव्हता. आठ दिवस दादा माझ्या आंघोळीच्या वेळी दगडासमोर बसून बादल्या मोजत होते आणि पाणी कुठे जातं ते बघत होते. मी जन्मात इतकी चोरट्यासारखी आंघोळ केलेली नाही. आठ दिवसांनीही बोट ओलंच निघालं. दादांनी मला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. तेव्हा आसपास दुसरी खोली मिळणं कठीण होतं, आणि मिळाली असती तरी मी पाणी चोरून सांडतो म्हणून घराबाहेर पडलो, हे घेऊन मला त्या गावात वावरायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी आली. दुपारी जेवून दादा बाजेवर आडवे झाले आणि घोरायला लागले. मी बांधाकडे तोंड करून ओट्यावर बसून राहिलो. थोड्या वेळाने पलीकडून पावलं आली. धाकटे भाऊ. त्यांनी त्या वर्षी नवी केळ बांधाजवळ लावली होती आणि पाट तिथपर्यंत ओढून आणला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टाचेने पाटाचा काठ फोडला. पाणी जाळ्यांच्या बुडाशी सरकलं. ते हात मागे बांधून आभाळाकडे बघत उभे राहिले, विडी ओढून संपवली, आणि मग चिखल लावून फोडलेला काठ थापून बंद केला.

मी उठून जाळीशी गेलो. मला पाहून ते दचकले. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा शाळेत पकडलेल्या मुलासारखा झाला.

"मास्तर, दादाला बोलू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळची पाळी त्याची हाय. चौदा वर्सं त्याचं पानी मी वापरतो. थोडं तरी त्याच्या झाडांच्या पायाशी जाऊ दे."

मी त्यांना सांगितलं की करवंदीला पाणी सोसत नाही, फुलं धरली नाहीत, दोन जाळ्या मरायला आल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. बागायतीत जन्म गेलेल्या माणसाला एक मास्तर, तोही माणदेशचा, पाण्याबद्दल शिकवत होता. "पान्यानं कुठलं झाड मेलंय?" ते म्हणाले. "पिवळी पडलीत ती चौदा वर्सांच्या तहानेनं." आणि निघून गेले. खरं तर आपण काहीतरी भलं करतो आहोत याचं समाधान त्यांच्या चालण्यात दिसत होतं, आणि त्याच पायांनी ते पुढच्या दुपारी परत येणार होते.

मी दादांना सांगितलं. भावाभावांत समेट व्हावा म्हणून सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी माझी खोली जाऊ नये म्हणून सांगितलं.

दादा ऐकत असताना चिमट्याने टाच कोरत होते. टाचेत त्या दिवशी काटा नव्हता. मग त्यांनी विचारलं, किती वेळ घालतो? विडी संपेपर्यंत, मी म्हटलं. काठ परत नीट बुजवतो का? बुजवतात. टाचेनं फोडतो?

"टाचेनंच," मी म्हटलं.

"लहानपनापास्नं तीच खोड," दादा म्हणाले. त्यांनी चिमटा करदोट्याला अडकवला. मग ते म्हणाले, "चोर म्हटलं ते मला खोटं वाटत नाय. चार मानसांत म्हटलं ते चुकलं."

एवढंच. चार वर्षांत त्या भांडणाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही दोन वाक्यं. खोलीबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हा ती माझी राहिली असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे पानांचे करंडे घेऊन स्टेशनवर गेल्यावर दादांनी मला हाक मारली. हातात कुदळ दिली. बांधाच्या आपल्या अंगाने, जाळ्यांच्या बुंध्यांपासून वीतभर सोडून, त्यांनी दोरी लावलेली होती. आम्ही चर खणायला लागलो. कोपरभर खोल, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उतार मागच्या अळूकडे. तीन सकाळी लागल्या. तळाला खडी, वर नारळाची सोललेली सोडणं, आणि त्याच्यावर वाळका पाला, असा की चर आहे हे कुणाला दिसू नये. पलीकडून आलेलं पाणी जाळ्यांच्या मुळांशी न थांबता या चरात उतरणार होतं आणि अळूकडे जाणार होतं.

मला माझे हात सोलवटलेले दिसत होते. मी म्हटलं, दादा, एवढं करण्यापेक्षा त्यांना निरोप द्या ना. मी सांगतो, की पाणी घालू नका.

दादांनी कुदळ थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या सोप्या गणिताचं उत्तर चुकवलंय.

"पानी नको म्हटलं," ते म्हणाले, "तर तो देनार काय?"

मी पुन्हा खणायला लागलो. मला त्या क्षणी या माणसाबद्दल जे वाटलं ते त्याला सांगण्याची सोय नव्हती, आणि सांगितलं असतं तर त्याने मला अजून दोन हात खणायला लावलं असतं.

पुढे रोज दुपारी एक नाटक चाले. जेवण झालं की दादा बाजेवर आडवे होत. पलीकडे पावलं वाजली की ते घोरायला लागत. जाळ्यांखालून पाणी सरकण्याचा आवाज येई, चर ते पिऊन घेई, आणि काठ थापल्याचा आवाज आला की घोरणं थांबे. घोरणं नको तितकं मोठं होतं. दादांना खरंच झोप लागली आहे अशी पलीकडच्या माणसाला खात्री वाटावी म्हणून असेल. त्या वर्षी आमच्या अळूची पानं सुपाएवढी झाली आणि आजूबाजूच्या बायका वडीसाठी मागायला येऊ लागल्या. बावखलातलं पाणी अळूला चालतं का, असं मी दादांना एकदा विचारलं. "ते आपन घातलेलं नाय," ते म्हणाले.

चौथ्या वर्षी त्या ओळीला पुन्हा फुलं आली आणि मे महिन्यात पलीकडच्या फांद्या काळ्याभोर लगडल्या. जूनमध्ये बरणी आली. धाकट्यांची बायको बांधावरून मला म्हणाली, "भावजींना सांगा, औंदा करवंदं भारी झाली. ह्यांच्या हातचं पानी लागलं."

मी वळून दादांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे बघत मान हलवली. "हो म्हना," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

त्या पावसाळ्यानंतर माझी बदली झाली. निघताना दादांनी मला करवंदीची दोन रोपं दिली, आणि ती मी कुठे लावणार, तिथे माती कशी, शेजारी कोण, याची चौकशी केली. शेजारी बागायतदार नाही ना, हे दोनदा विचारलं. दोन वर्षांनी शाळेतल्या एका सोबत्याचं कार्ड आलं, त्यात इतर मजकुरात तुमचे घरमालक वारले असं एक वाक्य होतं. 

त्यानंतर दुसऱ्या मे महिन्यात काही कामाने विरारला जाणं झालं आणि सकाळी मी बोळिंजला गेलो. घर बंद होतं. वाडीतल्या जाळ्यांवर नेहमीसारखी करवंदं होती, पाखरं खात होती. बांधावरची ओळ मात्र हिरवीगार, माणसापेक्षा उंच, आणि तिच्यावर एक करवंद नव्हतं. टोकाच्या दोन जाळ्या वाळून काड्या झाल्या होत्या. पलीकडे पाट फुटलेला होता, पाणी जाळ्यांखाली तळं करून उभं होतं, आणि धाकटे भाऊ हात मागे बांधून ते बघत होते.

त्यांनी मला ओळखलं. म्हातारे दिसत होते. "दादाच्या झाडांना पानी कमी पडू दिलं नाय, मास्तर," ते म्हणाले. "आता चोरी नाय, त्याच्याच पाळीला घालतो, सकाळचं. तरी फळ नाय. तो गेल्यापास्नं रुसलीत." मग म्हणाले, "तुमी तिथं ऱ्हायलात. तो त्यांना काय घालायचा?"

 खरं सांगायचं म्हणजे या माणसाला सांगायचं की तू जे दिलंस ते भावाने वीतभर अंतरावरून वळवून टाकलं. न सांगावं तर पुढच्या वर्षी आणखी दोन जाळ्या जातील, आणि मग सगळीच ओळ, आणि ही ओळ सोडून या माणसाकडे भावाचं काही नव्हतं. मी म्हटलं, जरा इकडे या.

ते थबकले. भाऊ गेला तेव्हा ते घरात आले होते, खांदा दिला होता, पण या जाळ्यांच्या बाजूला केळी आडव्या झाल्या त्या दिवसापासून त्यांनी पाय ठेवला नव्हता. मग ते बांधाला वळसा घालून आले. मी काठीने पाला बाजूला केला. चर गाळाने भरला होता, सोडणं कुजून माती झाली होती. मी समजवायला लागलो, पण जन्मभर पाणी वळवलेल्या माणसाला चर समजावून सांगावा लागत नाही. त्यांची नजर चराबरोबर गेली, वळणाशी वळली आणि अळूपाशी थांबली.

"म्हंजे त्याला ठाव होतं."

"होतं."

"आनि घोरत होता."

"डोळे मिटून पडलेले असायचे," मी म्हटलं.

ते बांधावर बसले. मग मला बोलला का नाय, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना दादांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पाणी नको म्हटलं तर तो देणार काय. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि ते पंच्यातच ठेवलं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

मग पंच्यातूनच आवाज आला. "सावली टेकली नव्हती, मास्तर. चार बोटं बाकी होती."

त्यांनी घरून फावडं आणलं आणि चर उपसायला घेतला. मी मदतीला गेलो तर नको म्हणाले. अळूपर्यंत सगळा गाळ त्यांनी एकट्याने काढला. जाळ्यांखालचं तळं हळूहळू चरात उतरलं. मला वाटलं, आता पलीकडे जाऊन ते पाट बुजवतील. ते पलीकडे गेले, पण बुजवला नाही. पाणी जाळ्यांखालून येत होतं, चरात पडत होतं आणि अळूकडे जात होतं.

ऊन डोक्यावर येत चाललं होतं. त्यांच्या केळींचे वाफे कोरडे होते, पाटाचं तोंड वळवायला फावडं हातात तयार होतं. ते ताडाकडे बघत होते. बावखलाच्या काठावर सावली दगडाच्या जवळ आली होती, टेकली नव्हती. आम्ही दोघंही उभे राहिलो. सावली दगडाला लागली, नीट लागली, तेव्हा त्यांनी चिखलाचा गोळा घेऊन काठ थापला आणि पाणी आपल्या केळींकडे वळवलं.